चोळणारे हात

कुसुम सिस्टर. माझ्या घरावर ज्यांचं ऋण सगळ्यांत मोठं आहे, त्यांचं नाव आधी लिहितो.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सकाळी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर लकवा आला. ते पाटकरी होते, शेताशेताला पाणी सोडायचं त्यांचं काम. उजवा हात उचलेना, जीभ जड झाली. गावातले म्हणाले, कबुतराचं रक्त चोळा. मी घराण्यातला पहिला पदवीधर, नुकताच शाळेत मास्तर झालेलो. जीप करून त्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, “सेरेब्रल थ्रॉम्बोसिस.” म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या नळीत रक्ताची गुठळी. “जीव वाचेल. पण बरेच दिवस पडून राहावं लागेल. त्या पडून राहण्याला सांभाळा.”

त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टर कडक, पण मायाळू होत्या. त्यांनी मायला पाठीची निगा शिकवली. तळहातावर स्पिरिट घ्यायचं, पाठ चोळायची, वरून पावडर लावायची. कुठं लाल दिसलं तर तिथं जास्त जोरात चोळायचं, म्हणजे रक्त फिरतं. त्यांनाही त्यांच्या शिक्षणात हेच शिकवलेलं होतं.

मायचे हात निंदणी-खुरपणीचे. एकदा शिकली, ती थांबली नाही. शेजारच्या खाटेपाशी नवऱ्याची सेवा करत बसलेली म्हातारी म्हणायची, “काय वं बाई, नवऱ्याला घासून राहिली का भांड्याला?” माय हसायची आणि आणखी जोर लावायची.

कंबरेखालचा लाल डाग जांभळा झाला. मग कातडी फुटली. दादांना ताप भरला. डॉक्टर म्हणाले, “बेडसोर.” म्हणजे एकाच अंगावर पडून राहिल्यानं, हाडाच्या दाबाखाली होणारी जखम. जखमेचं विष रक्तात गेलं तर माणूस जातो, हेही त्यांनी सांगितलं.

त्याच आठवड्यात कुसुम सिस्टर वॉर्डात आल्या. त्या नर्सिंग कॉलेजात शिकवायच्या, पुढचं शिक्षणही चालू होतं. सोबत विद्यार्थिनी होत्या. त्यांनी जखम पाहिली आणि विचारलं, “इथं कुणी चोळलं?”

“म्या,” माय म्हणाली. अभिमानानं म्हणाली. “एक दिवस चुकवला न्हाई.”

खाटेच्या कडेला टेकून सिस्टरांनी मायचे दोन्ही हात हातात घेतले.

“मावशी, लाल झालेल्या जागेचं रक्त आधीच अडलेलं असतं. आतली कातडी नाजूक झालेली असते. चोळलं की ती आतून फाटते. आम्हीच तुम्हाला चुकीचं शिकवलं.”

“मंग माझ्याच हातानं...” माय एवढंच म्हणाली.

“मीही कितीतरी पाठी रगडल्या, मावशी. परीक्षेत त्याचे मार्क मिळवले. त्या पाठी मला अजून दिसतात.”

नंतर मी विचारलं, इतकी वर्षं सगळे करत आले ते चूक कसं? त्यांनी ‘एव्हिडन्स-बेस्ड प्रॅक्टिस’ हा शब्द सांगितला. म्हणजे जे आपण करतो त्यानं रुग्णाला खरंच फायदा होतो का, हे तपासायचं, आणि पुरावा उलटा निघाला तर सवय सोडायची. “सोडणंच अवघड असतं, सर. कारण ती सवय मायेनं लागलेली असते.”

इन्चार्ज सिस्टरांनी आधी टोमणा मारला, “आल्या पुस्तकवाल्या!” पण दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या स्पिरिटच्या बाटल्या त्यांनीच उचलून नेल्या.

मग काम सुरू झालं. जखम सलाईननं धुवायची. अंडी, डाळ खाऊ घालायची. दर दोन तासांनी कूस बदलायची. मायला घड्याळ कळत नव्हतं, पण दादांना पाण्याच्या वेळेचा अंदाज पक्का होता. वेळ झाली की जड जिभेनं ते म्हणायचे, “दारं मोड.” शेतात एका सरीतलं पाणी दुसरीत वळवताना म्हणतात तसं. विद्यार्थिनी दादांना आबा म्हणायच्या; त्याही म्हणू लागल्या, “चला, आबांचं दारं मोडा!”

जखम भरायला फार दिवस लागले. दादा काठी टेकत गावी आले आणि पुढं काही वर्षं जगले.

माय मात्र त्या वॉर्डातून पुरती परत आली नाही. मला मुलगी झाली. आमच्याकडं नातीला तेल लावून न्हाऊ घालायचा मान आजीचा. माय म्हणाली, “मला न्हाई जमत.” लेकरू समोर आलं की तिचे हात पदराखाली जायचे. पावडरचा वास आला की ती उठून बाहेर जाऊन बसायची.

ज्यांच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, त्यांना सांगतो. लाल जागा अंगठ्यानं हलकेच दाबून पाहा. बोट काढल्यावरही लालच राहिली तर सिस्टरांना दाखवा. कूस बदला. चोळू नका. आणि कुणी चोळलं असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका.

मागच्या महिन्यात कुसुम सिस्टरांना पाठवलेलं पत्र असं:

आदरणीय सिस्टर,

माय गेली. शेवटी तीही अंथरुणालाच होती. कंबरेपाशी लाल दिसलं तेव्हा मी तिची कूस बदलली. ती म्हणाली, “चोळीत न्हाईस?” मी म्हणालो, “न्हाई माय.” म्हणाली, “बराबर. तुला कोणी शिकवलं?” मी तुमचं नाव घेतलं. ती बराच वेळ स्वतःच्या हातांकडं पाहत राहिली.

तिच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही.

शेवटची आंघोळ घालताना मुलीनं तेलाची वाटी मागितली. तिला आजीच्या हातचं तेल कधी लागलं नव्हतं. तिनं आजीच्या दोन्ही तळहातांना तेल लावलं. चोळलं नाही. नुसते हात धरून बसली, तुम्ही धरले होते तसे.

आपला,
पाटकऱ्याचा मुलगा