फोटो कुणाचा, नाव कुणाचं

चार फोटोग्राफर चहाला बसले की कॅमेऱ्याबद्दल बोलतात असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही आमच्याबरोबर कधी चहा प्यायलेला नाहीत! आमचा विषय एकच. माझा फोटो अमक्याने न विचारता तमक्या ठिकाणी लावला आणि खाली नाव माझं घातलं नाही! एकाने सुरू केलं की दुसऱ्याला त्याहून भारी आठवतं, तोवर चहा गार. माझ्याकडे असे किस्से इतके साठलेत की पाहुण्यांसमोर ते सांगायला घरात बंदी आहे. म्हणून तुम्हाला सांगते.

काळ नव्वदच्या दशकातला. केबल नुकती घरोघर आली होती, गुडगावच्या शेतात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि दिल्लीत गल्लोगल्ली मॉडेलिंग एजन्सी निघत होत्या. मी फौजीची मुलगी, दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये वाढलेली. आप्पा साताऱ्याकडचे. सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि गाझियाबादला फ्लॅट घेऊन राहिले. मुलीने कॅमेरा गळ्यात अडकवून मॉडेलांच्या मागे फिरावं, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं. पण नुसतं 'नाही' म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी अट घातली.

"पुढच्या दिवाळीपर्यंत एखाद्या मासिकात फोटोखाली तुझं नाव छापून आलं पाहिजे. नाही आलं, तर कॅमेरा कपाटात आणि तू बी.एड.ला."

"नाव कशाला, आप्पा? फोटो छापून आला की झालं ना?"

"आणि तो तू काढलास हे मला कसं कळणार?"

अट कडक होती. पण मी घाबरले नाही. फोटो मी चांगले काढत होते आणि ते मला पक्कं माहीत होतं. नाव काय, आज ना उद्या येईल!

*

सुरुवात झाली मिसेस साहनींपासून. साउथ दिल्लीत एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, बेसमेंटमध्ये त्यांची एजन्सी होती. प्रत्येक मॉडेलचं एक कार्ड छापायचे. त्यावर चार फोटो, उंची, बुटाचा नंबर, असं सगळं. ती कार्डं जाहिरात कंपन्यांकडे जायची आणि त्यावरचे बरेचसे फोटो मी काढायचे. म्हटलं, खाली बारीक अक्षरात माझं नाव टाका.

"बेटा, नाम डाला तो लोग सीधा तुम्हें फोन करेंगे!"

"मॅडम, इसीलिए तो बोल रही हूँ!"

बाई मोकळेपणाने हसल्या. "बिल्कुल, सोचते हैं," म्हणाल्या. पुढची कार्डं छापून आली तेव्हा खाली खरंच 'फोटो' असं लिहिलेलं होतं आणि त्यापुढे नाव होतं मिस्टर साहनींचं! मिस्टर साहनींचं लाजपत नगरला बाथरूमच्या टाइल्सचं दुकान. त्या माणसाच्या हातात कॅमेरा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मी तणतणत बेसमेंटमध्ये उतरले. मिसेस साहनी जराही गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे यार, उनका भी तो मन करता है!"

*

नावाच्या बाबतीत आमच्यातला खरा पोचलेला माणूस म्हणजे चोप्रा. मिसेस साहनींकडेच काम करायचा, मासिकांनाही फोटो द्यायचा. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा आणि कामाला उत्तम, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणाले नाही. त्याचं एकच तत्त्व होतं. "फोटो पड़ोसी को दे दो, नाम किसी को मत दो!"

त्याने आपल्या नावाचा रबरी शिक्का करून घेतला होता. स्टुडिओतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर ठप्प! मिसेस साहनीसुद्धा त्याला टरकून असायच्या. त्याचं नाव कार्डावरून गळलं, की तो बेसमेंटच्या पायऱ्यांवरच बसायचा आणि येणाऱ्या प्रत्येक मॉडेलला आपली कहाणी सांगायचा.

एकदा त्याने पासपोर्टसाठी स्वतःच स्वतःचा फोटो काढला. सवयीप्रमाणे मागे शिक्का मारला, तोही दाबून. जांभळी शाई आरपार उतरली आणि थेट कपाळावर आली. पासपोर्ट ऑफिसातल्या बाबूने फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "ये माथे पे क्या है?"

चोप्रा छाती काढून म्हणाला, "मेरा नाम!"

*

आता बिल्डरचं ऐका. गाझियाबादच्या बाजूला नवी कॉलनी होणार होती. तिच्या ब्रोशरसाठी 'सुखी कुटुंबाचा' फोटो हवा होता. रितू नावाची आमची एक मॉडेल होती, ती झाली बायको. एक गोरा-गोमटा मुलगा नवरा झाला आणि दोन मुलं शेजाऱ्यांकडून आणली. फोटो छान आला. ठरलं होतं की तो फक्त ब्रोशरमध्ये वापरायचा.

महिन्याभराने मी बसने घरी जात होते. बघते तर हायवेवर तीन मजली रितू! नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हसतेय. इकडे रितूचं खरं लग्न ठरलेलं होतं आणि सासर त्याच हायवेवर. ती रडत रडत माझ्याकडे आली. मी तिला घेऊन तडक बिल्डरच्या ऑफिसात गेले.

"ब्रोशर की बात हुई थी, होर्डिंग की नहीं," मी म्हटलं.

"मैडम, होर्डिंग क्या होता है? बड़ा ब्रोशर!"

आमचं भांडण रंगात आलं असतानाच दार उघडलं आणि रितूच्या होणाऱ्या सासूबाई आत आल्या. होर्डिंग बघून त्याही थेट तिथेच आल्या होत्या. रितू पांढरीफटक पडली. सासूबाईंनी बिल्डरला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बहू ठीक है. पति बदलो. मेरा बेटा इससे लंबा है!"

आणि खरंच बदलला! मी रितूच्या होणाऱ्या नवऱ्याला घेऊन पुन्हा फोटो काढला. ह्या वेळी मात्र मी बिल्डरला बजावलं, खाली माझं नाव आणि फोन नंबर हवा. बिल्डर वाकलेला होता, तयार झाला. हायवेवर माझं नाव लागलं हो!

दुसऱ्या दिवसापासून घरचा फोन वाजायला लागला. उचलायचे आप्पा.

"टू बेडरूम का क्या रेट है जी?"

"यहाँ फ्लैट नहीं है. लड़की का नंबर है. वो फोटो खींचती है."

"अच्छा अच्छा. तो लड़की से पूछ के बताओ, पार्किंग है?"

आठवडाभर आप्पांनी फौजी शिस्तीने सगळ्यांना उत्तरं दिली. मग जेवताना म्हणाले, "होर्डिंग धरणार नाही. मासिक म्हटलं होतं मी."

*

मध्यंतरी आईने माझं लग्न जमवायचं मनावर घेतलं. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एक मराठी कुटुंब होतं, मुलगा बँकेत. आम्ही त्यांच्याकडे गेलो. कांदेपोहे आले, चौकशा झाल्या आणि माझी नजर शोकेसकडे गेली. चकचकीत फ्रेममध्ये रितू! बांधणीच्या साडीतली. कपड्यांच्या एका कॅटलॉगसाठी तो फोटो मीच काढला होता.

आता सरोजिनी नगरच्या मार्केटमध्ये फ्रेम विकणारे आत कुठला तरी कापलेला फोटो घालून ठेवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. लोक घरी येऊन तो काढतात आणि आपला घालतात. काकूंनी काढला नव्हता.

"ही कोण हो?" मी विचारलं.

"ही आमची भाची. अमेरिकेत असते," काकू म्हणाल्या.

"काकू, हा फोटो मी काढलाय."

आईने मला चिमटा काढला. पण काकू काय कच्च्या गुरूच्या चेल्या होत्या? टाळी वाजवून म्हणाल्या, "अगं बाई, मग तर आपली ओळखच निघाली की!"

ते स्थळ जमलं नाही. निघताना मुलगा मला सोडायला जिन्यापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "भाची खरंच कुठे राहते?"

*

आता मासिकं. कनॉट प्लेसला एका इंग्रजी फॅशन मासिकाचं ऑफिस होतं. तिथे माझे फोटो अधूनमधून छापून यायचे, पण फोटोखालची नावं म्हणजे एक वेगळाच प्रकार. एकदा हिवाळ्याच्या कपड्यांवर माझं अख्खं पान आलं. खाली बारीक टायपात कोट कुणाचा, बूट कुणाचे, कानातले कुणाचे, केस कुणी केले, शूटिंग कुठल्या हॉटेलात झालं, सगळं होतं. फोटोत मॉडेलच्या पायाशी एक केसाळ कुत्रा बसला होता, त्याचंसुद्धा नाव होतं! माझं नव्हतं.

मी अंक घेऊन एडिटरच्या केबिनमध्ये गेले. "सर, कुत्ते का नाम है, मेरा नहीं!"

एडिटर समजावणीच्या सुरात म्हणाला, "देखो, कुत्ता एडवर्टाइज़र का है."

घरी येऊन हे आईला सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. मलाही हसू येत होतं, पण त्या रात्री मी पहिल्यांदा जरा धास्तावले. दिवाळी जवळ येत चालली होती. बी.एड. करणाऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण मला वर्गात उभं राहायचंच नव्हतं. मला लाइट लावायचे होते, माणसांना 'जरा हनुवटी वर' म्हणायचं होतं. ते सुटलं तर मी काय करणार, हे मला खरंच सुचत नव्हतं.

*

दिवाळीच्या आदल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी घरी आले तर दारातच पेढ्यांचा वास. आमच्या बिल्डिंगमधली सगळी मराठी मंडळी घरात बसलेली. आप्पांच्या हातात मासिकाचा नवा अंक, आणि ते प्रत्येकाला चष्मा लावून वाचायला लावत होते. फोटोखाली माझं नाव! चांगलं ठळक!

मी अंक हातात घेतला आणि फोटो नीट बघितला. नाव माझं होतं, फोटो माझा नव्हता. ह्या अंकाला दिलेले माझे फोटो ऐनवेळी काढले होते आणि त्या जागी दुसरा टाकला होता. नाव मात्र तसंच राहिलं. फोटो होता चोप्राचा, त्याच्या प्रिंटांत मी पाहिलेला, आणि तोही भलता वाईट. मॉडेलचे डोळे अर्धवट मिटलेले, नाकाची सावली ओठांवर. चांगल्यातल्या चांगल्या माणसाकडून असा एखादा निघतो. एडिटरने नेमका तोच उचलला होता.

गप्प बसले असते तर अट पुरी झाली होती. पण ज्या गोष्टीवरून मी अख्ख्या दिल्लीशी भांडत होते, तीच चोप्राच्या बाबतीत मी कशी करू? शिवाय खरं सांगू? असला फोटो माझ्या नावावर राहावा, हे मला सहन होईना!

सगळे गेल्यावर मी आप्पांना सांगितलं. "आप्पा, हा मी काढलेला नाही. चुकून माझं नाव पडलंय."

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे अट पुरी झाली नाही."

"नाही."

"उद्या जाऊ. नाव काढून घेऊ."

दुसऱ्या दिवशी आप्पा ब्लेझर घालून तयार. आम्ही कनॉट प्लेसला पोचलो, तर केबिनमध्ये चोप्रा आधीच येऊन बसलेला! अंक टेबलावर आपटून ओरडत होता, "मेरी फोटो, मेरा नाम!" मला बघून एडिटरने कपाळाला हात लावला. आप्पांनी 'रिटायर्ड सूबेदार' अशी आपली ओळख करून दिली.

"सर, मेरा नाम हटाइए. ये मैंने नहीं खींची," मी म्हटलं.

"लगवाने भी तुम आती हो, हटवाने भी तुम!" एडिटर वैतागला. पण पुढच्या अंकात चूक दुरुस्त करायचं त्याने कबूल केलं. चोप्रा शांत झाला. काम झालं होतं, आता निघायचं. पण आप्पा जागचे हलले नाहीत.

"हटाना ही पड़ेगा," ते ताठ उभे राहून म्हणाले. "मेरी बेटी ऐसा खराब फोटो नहीं खींचती."

चोप्राचा चेहरा लालबुंद. मी आप्पांची बाही ओढली. एडिटरला मात्र मजा वाटायला लागली होती. "तो कैसा खींचती है, सूबेदार साहब?"

केबिनच्या भिंतीवर जुन्या अंकांची कव्हरं फ्रेम करून लावली होती. कव्हरांवर फोटोग्राफरची नावं नसतात. आप्पांनी हात मागे बांधले आणि परेडची तपासणी करावी तसे एकेका फ्रेमपुढून सावकाश चालत गेले. एका फ्रेमपाशी थांबले. गच्चीवर उन्हात केस वाळवणारी एक मुलगी होती. ते बराच वेळ बघत राहिले. मग काचेवर बोट ठेवलं.

"ऐसा," ते म्हणाले. आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "हा तुझा आहे, मला सांगायला नको. ह्याला नाव कशाला लागतं? उगाच बी.एड.चं घेऊन बसलो होतो मी."

ते कव्हर चोप्राचं होतं. त्या एका फोटोवर त्याचं दिल्लीत नाव झालं होतं. एडिटरने माझ्याकडे बघितलं, मग चोप्राकडे. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात चोप्रा खुर्ची मागे सारून उभा राहिला. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. तो तरातरा आप्पांपाशी गेला, त्या फोटोकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "हाँ जी अंकल, इसी की है. मैं वहीं था. लाइट मैंने पकड़ी थी."