थांबा, पुढचं मॉडेल येतंय

मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात मला बावीस वर्षं झाली, पण माझी एक खोड काही गेली नाही. बिघडलेली वस्तू समोर दिसली की हात शिवशिवतात. माझी बायको चंद्रिका म्हणते, विचारल्याशिवाय कुणाच्या कामात नाक खुपसू नका. तिचं बरोबर असतं, हे मला नेहमी सगळं उरकल्यावर कळतं. रतन ओव्हाळच्या बाबतीत तसंच झालं, आणि त्याची टोचणी जात नाही म्हणून हे लिहायला बसलो.

रतन खंडाळ्याच्या एका बंगल्यावर केअरटेकर आहे. वय माझ्याएवढंच, छप्पन-सत्तावन्न. अंगाने काटक, बोलायला कमी. चोवीस वर्षांपूर्वी तो बागकामाला म्हणून लागला. मग पोहण्याचा तलाव साफ करायला शिकला, मग जनरेटर, गॅस, पाहुण्यांच्या चादरी, असं करत करत सगळा बंगलाच त्याच्या गळ्यात आला. मालक मुंबईचे. त्यांना तो सायेब म्हणतो. सायबांच्या फोनमध्ये रतनचा नंबर ‘खंडाळा बंगला’ या नावाने आहे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

त्या घरात फोन वरून खाली उतरतात. सायबांनी नवीन घेतला की त्यांचा जुना बाईसाहेबांना, बाईसाहेबांचा ड्रायव्हरला, ड्रायव्हरचा रतनला. पहिला फोन मिळाला तेव्हा त्याने मला पेढे दिले होते. मग बंगल्यावर कॅमेरे बसले. ते माकडांनी दोनदा उपटून दरीत टाकले, आणि तेव्हापासून कॅमेऱ्यांचं काम रतनच्या फोनकडे आलं. दिवसातून पाच वेळा व्हिडिओ कॉल. फाटक दाखव, मागचं दार दाखव, तलावाचं पाणी दाखव. पाहुणे असले की फोन कमी यायचे. बंगला रिकामा असला की सायबांचा जीव तिकडे जास्त अडकायचा.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला ती तेव्हा ठाऊक नव्हती, पण तुम्ही तरी माझ्यासारखे अंधारात नको. दोन वर्षांपूर्वी रतनच्या बायकोला, हिराला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ती पवनानगरच्या अलीकडे गावातल्या घरी असते. रतनची थोरली बहीण सरुबाई तिचं सगळं करते, पण तिच्या हातून हिरा चार घासांच्या वर खात नाही, तोंड मिटून घेते. रतनने भाकरी दुधात कुस्करून भरवली की वाटी रिकामी. मग तो तिच्या उजव्या हाताला तेल चोळायचा, आखडलेलं एकेक बोट उघडायचा, मिटवायचा. हात सारखा चालवत राहिलात तर परत येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सरुबाईने प्रयत्न केला तर हिरा हात ओढून घ्यायची. रतनकडून चोळून घेता घेता गेल्या उन्हाळ्यात तिची करंगळी हलली.

तिला बंगल्याच्या मागच्या खोलीत आणू का, असं रतनने विचारलं होतं. पाहुण्यांना आजारी माणूस बघून बरं वाटत नाही, असं उत्तर आलं. सुट्टी महिन्यातून दोन दिवस, आणि नेमकं त्या दिवशी सायबांच्या ओळखीचं कुणीतरी बंगल्यावर उतरायचं. नोकरी सोडावी तर औषधं कशातून आणायची, आणि या वयात दुसरीकडे ठेवून कोण घेणार? माणूस चहूकडून अडकला होता.

त्यातून त्याला वाट सापडली ती फोनच्या मोडक्या चार्जिंग जॅकमधून. जॅक ढिला झाला होता. वायर खोचून तिची मान डावीकडे मुरगळायची, वर रबरबँड गुंडाळायचा, रबरबँडवर वरवंटा टेकवायचा, तेव्हा कुठे चार्जिंग सुरू. बॅटरीही थकलेली, दोन तासांत धारातीर्थी. हा सोहळा सायबांनी स्वतः पाहिला होता, त्यामुळे फोन बंद लागला की ते म्हणायचे, डबडं परत मेलं वाटतं. मंगळवारी आणि गुरुवारी बंगला रिकामा असायचा, आणि त्या दिवशी अकराच्या सुमाराला डबडं हमखास मरायचं. रतन मोटरसायकल काढून दुधिवरे खिंडीतून गावाकडे सुटायचा. साडेचारला डबडं पुन्हा जिवंत व्हायचं, आणि रतन फाटक दाखवायला फाटकापाशी हजर असायचा.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला दिसायचं ते एवढंच की, रतन पंधरा दिवसांनी दुकानात येतो, जयभीम करतो, बाकड्यावर बसतो आणि विचारतो, भाऊ, नवीन काय येतंय? मी त्याची खूप थट्टा केली. हातात वरवंट्याखालचा फोन आणि चौकशी लाखाच्या फोनची. पण विचारणारा भेटला की मलाही चेव येतो. वायरीबिगर चार्ज व्हतो म्हंत्यात, खरं हाय का, असं तो विचारायचा, आणि मी त्याला चकतीवर नुसता ठेवून चार्ज होणारे फोन, चहा होईस्तोवर निम्मी बॅटरी भरणारे चार्जर, तीन-तीन दिवस टिकणाऱ्या बॅटऱ्या, सगळं रंगवून सांगायचो. एकदा म्हटलं, आता असे फोन आलेत की बंद केला तरी कुठे आहे ते मालकाला कळतं. ‘बंद असला तरी?’ असं त्याने दोनदा विचारलं. मला वाटलं, चोरीची काळजी वाटत असेल.

ही सगळी माहिती तो सायबांना नेऊन द्यायचा. सायबांचा एक स्वभाव त्याने बरोबर हेरला होता. आज घ्यावा आणि उद्या त्याहून भारी यावा, याची त्यांना कायमची धास्ती. घ्यायचा बेत ठरत आला की रतन व्हिडिओ कॉलवर हळूच सांगायचा, सायेब, दुकानवाला म्हणतोय दिवाळीला येणाऱ्यात बॅटरी अजून मोठी हाय, थांबा. दिवाळीला सांगायचा, संक्रांतीनंतर वायरीबिगरचा स्वस्त होणार हाय. सायेब थांबले की बाईसाहेब थांबायच्या, ड्रायव्हर थांबायचा, आणि वरवंट्याखालचं डबडं रतनकडेच राहायचं. दीड वर्ष त्याने वरून खाली येणारा एक धडधाकट फोन असा तंगवून ठेवला होता. मोठमोठ्या कंपन्यांना जे गिऱ्हाइकाच्या बाबतीत जमत नाही, ते हा माणूस माझ्या बाकड्यावरच्या गप्पांच्या जोरावर करत होता.

आणि मी काय केलं? त्या दीड वर्षात तीनदा म्हटलं, तो जॅक बदलून देतो, पैसेही नको. प्रत्येक वेळी तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या. मला ते खुपायला लागलं. माझ्या ओळखीचा माणूस वरवंटा ठेवून फोन चार्ज करतो, हा माझ्या दुकानाचा अपमान आहे, असं मी चंद्रिकाला म्हटलंही. तिने सांगितलं, त्याचा फोन, त्याचा वरवंटा, तुम्हाला काय करायचंय?

गेल्या दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सायेब स्वतः दुकानात आले. सोबत रतन. बाजारात गाड्यांची रांग लागली होती, तेवढ्या वेळात फोनचा निकाल लावून टाकू, असं त्यांच्या मनात होतं. ते म्हणाले, रतन तुमचंच नाव सांगत असतो. आता स्पष्ट सांगा, घेऊ की थांबू?

रतनने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आज कळते. तेव्हा मला वाटलं, मित्राची शिफारस केल्याचा अभिमान आहे. मी फुगलो. मोठ्या माणसाने सल्ला विचारला की अंगात येतंच. मी सायबांचा फोन हातात घेऊन, उलटासुलटा करून सांगितलं की, हा अजून दोन वर्षं खडखडीत चालेल, उगाच पैसे घालवू नका. घ्यायची गरज नाही आणि थांबायचीही नाही. इथवर ठीक होतं. इथे गप्प बसलो असतो तर रतनचं काही बिघडलं नसतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी पुढे म्हणालो, खरं दुखणं रतनभाऊंच्या फोनचं आहे, आणि तेही अर्ध्या तासाचं. द्या इकडे.

रतन म्हणाला, ‘ऱ्हाऊ द्या भाऊ. नवीन येतोय की.’

‘नवीन येईल तेव्हा येईल,’ मी म्हटलं, आणि त्याच्या हातातून फोन जवळजवळ ओढूनच घेतला.

सायबांसमोर त्याला नाही म्हणता येईना. मी जॅक बदलला, नवी बॅटरी घातली. तो बाकड्यावर न बसता काउंटरला टेकून माझ्या हातांकडे बघत उभा राहिला. वायर लावली, खट्कन बसली, चार्जिंग सुरू झालं. मी पैसे घेतले नाहीत. सायेब खूश. दीड वर्ष उगाच त्रास काढला, असं म्हणून त्यांनी रतनच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, आता फोन बंद लागता कामा नये. रतन मान हलवून गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसला. त्या दिवशी मी घरी जाऊन चंद्रिकाला मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं.

त्यानंतर तीन महिने रतन दुकानात आला नाही. जानेवारीत आला तो हौशीराम दूधवाल्याच्या टेम्पोतून, बंगल्याचं सामान घ्यायला. नवीन काय येतंय, असं त्याने विचारलं नाही. व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्या माणसाला आपला चेहरा मोठा दिसावा म्हणून काय करायचं, तेवढं दाखवा, म्हणाला. कुणाला, असं मी विचारलं. तेव्हा त्याने पहिल्यांदा हिराचं नाव काढलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मंगळवार, गुरुवार, खिंड, दुधातली भाकरी. आवाज चढला नाही, माझ्यावर ठपकाही ठेवला नाही. मला तो हवा होता.

आता सरुबाई रोज दुपारी हिरासमोर फोन धरते. रतन इकडून म्हणतो, खा. हिरा काचेकडे बघतच नाही. ती फोनच्या मागे बघते, रतन तिथे उभा असेल म्हणून. सरुबाईने फोन उलटा करून दाखवला की मागे कुणी नाही, तर हिरा रडायला लागली. बोटं पुन्हा आखडलीत. करंगळी हलायची थांबली.

मी स्क्रूड्रायव्हर उचलला.

‘द्या तो फोन,’ मी म्हटलं. ‘होता तसा करून देतो. पाच मिनिटं लागतील.’

त्याने फोन शर्टाच्या खिशात घातला आणि वरून हात ठेवला.

‘न्हाई भाऊ,’ तो म्हणाला. ‘आता बिघडला तर अर्ध्या तासात नीट व्हतो, ह्ये सायबांनी बगितलंय.’