दुपारी दोनची बैठक

मास्तरीणबाई बैठक बोलवायच्या ती मे महिन्यात, दुपारी दोन वाजता आणि उघड्या मैदानात. आमच्या अमरावतीत त्या वेळेला कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण ह्या बाई घरोघरी जाऊन म्हणणार, "या जी, आपल्या मैदानाचं ठरवाचं हाये." कोणी म्हटलं संध्याकाळी ठेवा, तर म्हणायच्या, "संध्याकाळी साऱ्याइलेच सिमेंट आवडते."

त्या भूगोल शिकवून रिटायर झालेल्या. नवरा वकील होता, तो आधीच गेलेला. घर राजापेठेच्या मागच्या गल्लीत, आणि त्या गल्लीच्या तोंडाशी हे मैदान. मैदानात कडुनिंबाची चार जुनी झाडं. त्यांच्याखाली मी जवानीपासून भाजी विकत बसतो. भातकुलीकडे आमची वाडी आहे, तिथली वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. शाळा चौथीत सुटली, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. भाव मी सांगतो तोच. पटत नसेल त्याला पुढचं दुकान दाखवतो.

बाई रोज यायच्या. मेथीची जुडी उचलून नाकाशी धरायच्या. "भाऊ, आजची जून हाये."

"मंग नोका घेऊ."

"घेतो ना. जून हाये एवढंच सांगून राहिली."

रोज हेच. एखाद्या दिवशी त्या बोलल्या नाहीत तर मलाच भाजी बेचव वाटायची.

मग महापालिकेचा मैदानासाठी नवीन नकाशा निघाला. सगळीकडे सिमेंट, मधे गाड्या ठेवायला जागा, आणि रस्त्याच्या कडेला आम्हा भाजीवाल्यांना पक्के ओटे. चारही कडुनिंब जाणार होते. लोकांनी काय ते सांगावं म्हणून मुदत दिली होती. माझं सांगणं ठरलेलं होतं : मला ओटा पाहिजे. जन्मभर गोणपाटावर बसलो. कोणीही येऊन म्हणायचं, सरक. ओट्यावरच्या माणसाला कोणी सरक म्हणत नाही.

बाईंनी नकाशा पाहून मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या. ओटे जिथे येणार तिथे चौकोन काढले. "हे तुमचे ओटे. आता बसून पाहा जी, दोन वाजता."

"आमाले ऊन शिकवता काय, बाई?"

"नाही जी. ओटा दाखवून राहिली."

मी टोपलं उचललं आणि चौकोनात जाऊन बसलो. गल्लीतली माणसं कडुनिंबाखालून पाहू लागली. थोड्या वेळानं बाई सतरंजीचा तुकडा घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. काखेत छत्री होती, ती उघडली नाही.

"उठा बाई, भोवळ येईन."

"तुमी उठा, मंग मी उठतो."

मेथीनं माना टाकल्या. सांभार तर वाळून काडी झाला. माझ्या डोळ्यांपुढे पिवळं दिसायला लागलं, पण मी काही हललो नाही, आणि बाईही नाही. झाडाखालून एक म्हातारी ओरडली, "मरा दोघंही! मंग ओट्यावर तुमचे फोटोच ठेवतो!"

तेवढ्यात नकाशावाला इंजिनिअर आला. पोरगा चांगला होता. आमच्यापुढे उभं राहून तो दोन वाक्यं बोलला, घाम पुसला, आणि बोलता बोलता कडुनिंबाकडे सरकत गेला. बाई हसल्या. "सायेब, जाऊन कुठी राहिले? बैठक अठी हाये."

त्या दिवशी सगळी गल्ली बोलली. कोणाला लेकरांना खेळायला माती पाहिजे होती, कोणाला गाडीला जागा. भांडणंही झाली. मग बाईंनी तासातासाला सावली जिथवर पोचेल तिथे लोकांच्याच हातून चुना टाकून घेतला. पुढे नकाशा बदलला. झाडं राहिली, माती राहिली, गाड्यांची जागा निम्मी झाली आणि ओटे कडुनिंबाखाली आले. लोक म्हणतात, बाईंनी म्हाताऱ्याला हलवलं. खोटं आहे. ओटा हलला, मी नाही.

ज्या चौकोनात आम्ही तापलो होतो तिथे बाईंनी कडुनिंबाचं रोप लावलं. "हे तुमचं जिद्दी झाड," म्हणाल्या. "पाणी तुमीच घालाचं."

नंतर गुडघे गेले म्हणून मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. जाताना ओट्यापाशी गाडी थांबवली, मेथी हुंगली, आणि काहीच बोलल्या नाहीत. पुण्याहून दुपारचा फोन यायचा. "भाऊ, सावली कुठवर आली?" मी सांगायचो, ओट्याच्या कोपऱ्यावर आली. मोठ्या झाडाची सावली सांगितली की विचारायच्या, "अन् जिद्दीची?" त्याची सावली तेव्हा काठीएवढीसुद्धा पडत नव्हती.

मागच्या श्रावणात त्यांच्या मुलाचा फोन आला. बाई गेल्या.

यंदाच्या मे महिन्यात एका दुपारी पाहिलं, तर जिद्दीखाली टोपल्याएवढी सावली पडली होती. सवयीनं फोन हातात घेतला, आणि परत खिशात ठेवला. मग ओट्यावरून टोपलं उचललं, तिथे नेऊन ठेवलं आणि शेजारी बसलो. दोन वाजले होते. मेथी सावलीत, मी उन्हात. पोरं ओरडली, "आजोबा, उठा नं!"

मी हललो नाही.