अबोल वकील

अमरावतीला कॉलेजात असताना आम्ही दोघे एका खोलीत राहत होतो. माझा जोडीदार धामणगावचा. वडील रेल्वेत गँगमन. छप्पन साली घरानं धम्म स्वीकारला, आणि त्याच वर्षी वडिलांनी ठरवलं, पोरगा वकील होणार. अडचण एकच होती, पोरगा बोलतच नसे. जेवण कसं होतं असं विचारलं तर मान हलवी, आणि ती होकाराची की नकाराची हे आपणच ठरवायचं.

माझं उलट. मामांना मी डॉक्टर व्हायला हवा होतो म्हणून मी सायन्सला, आणि प्रयोगशाळेत बेडूक फाडतानाही माझी बडबड चालू. सरांनी दोनदा बाहेर काढलं. शेवटी मी मास्तर झालो. तिथं बोलण्याचा पगार मिळतो.

तो मात्र लॉ कॉलेजात गेला. एकदा तिथं लुटुपुटीचा खटला भरवला होता. मीही बघायला गेलो. विरुद्ध बाजूचा मुलगा तावातावानं बोलला. मग हा उठला, त्याच मुलाकडे बोट दाखवून म्हणाला, "मले वाटते, यायचंच बरोबर हाये." सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी त्याला जवळ बोलावून सांगितलं, की वकिली काही वर्षं कशीबशी कर आणि न्यायाधीशाच्या परीक्षेला बस.

त्यानं तसंच केलं. पुढं तो अकोल्याला न्यायाधीश असताना मी एकदा त्याच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसलो. शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद होता. हा नुसता बघत ऐकत होता. त्या नजरेपुढं एक वकील गडबडला आणि स्वतःच्याच पक्षकाराची चूक सांगून बसला.

संध्याकाळी त्याच्या घरी चहा झाला. वडील आता त्याच्याकडेच राहत. ते मला टांग्यापर्यंत सोडायला आले. वाटेत हळूच विचारलं, "मास्तर, कोर्टात तरी बोलते का हा?"

मी म्हणालो, "बोलतो, बाबा. सगळ्यांचं झाल्यावर. मग दुसरं कोणी बोलत नाही."

म्हातारा थांबला, हे मनाशी घोळवलं, आणि टांगेवाल्याकडे वळून म्हणाला, "ऐकलं का? माह्या पोराबद्दल सांगून राहिले."

टांगेवाल्यानं काहीच ऐकलं नव्हतं. मग मला सगळं पुन्हा सांगावं लागलं.