उष्ट्या हळदीची वाटी

दुधात हळद उकळली की मला सुपे गावाजवळच्या रस्त्यावरची ती दुपार दिसते. दादाला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन आम्ही नवरीकडे निघालो होतो. वाटी माझ्या मांडीवर होती आणि अण्णांच्या जुन्या मोटारीच्या बॉनेटमधून वाफ येत होती.

गाडी चालवणारे रशीदचाचा वाकून बघत म्हणाले, "रेडिएटर बारीक गळतोय. चिमूटभर हळद असती, तर भोक बुजलं असतं."

सगळ्यांनी माझ्या वाटीकडे पाहिलं.

"आगं, नवरीची हाय ती!" आत्या ओरडली.

मीच वाटी पुढे केली. चाचांनी हात धुतले, चपला काढल्या आणि निवलेल्या रेडिएटरमध्ये दोन बोटं हळद सोडली. गाडी सुरू झाली. खाली पडणारे थेंब पिवळे झाले, मंदावले, थांबले. गरम हळदीचा वास माळावर पसरत गेला.

"माझ्याआधी तुमच्या मोटारीला हळद लागली," असं वहिनी अजून हसत म्हणते. मीही हसते.

त्या दुपारी मी फक्त थेंबांकडे बघत होते. आता दिसतात ते तापलेल्या डांबरावरचे चाचांचे अनवाणी पाय.