माधवरावांचं लिथुआनियातलं गाव

नलूचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, फोन आला तेव्हा मी लहरीपुऱ्याच्या बाजारात कुलूप विकत घेत होतो. "दादा, हे गेले," एवढंच म्हणाली. माझे मेहुणे माधवराव दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्याला आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात... पण मी जन्म रिफायनरीच्या सुरक्षा खात्यात काढला. पिशवी उघडून बघितल्याशिवाय कुणाला गेटाबाहेर सोडायची मला सवय नाही.

माधवराव संस्कृतचे प्राध्यापक. लिथुआनियातली भाषा संस्कृतची लांबची बहीण लागते म्हणे, म्हणून निवृत्तीआधी ते वर्षभर तिथल्या एका लहानशा गावी राहिले. परतल्यावर सयाजीगंजातल्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते गाव ऐकावंच लागे. तळ्याकाठची मातीची टेकडी, तिच्यावर एके काळी लाकडी गढी होती. दोन मनोऱ्यांचं लाल विटांचं चर्च, रशियनांच्या राजवटीत त्यात धान्याची पोती रचली होती. बाजारचौकामागे ज्यूंचं प्रार्थनामंदिर. युद्धात त्या गल्लीतल्या माणसांना जंगलात नेऊन मारलं, इमारत तेवढी उरली. चर्चच्या पायऱ्या कुठे झिजल्यात हेही त्यांना पाठ. पण शेजारी कोण होतं, जेवायला कुणाकडे जायचात, असं विचारलं की, "ते राहू द्या हो, तर ती टेकडी..." वर्षभरात एक माणूस भेटू नये? कुठेतरी पाणी मुरत होतं. तिथे कुणीतरी होती आणि माझी बहीण फसवली जात होती, याबद्दल माझी खात्रीच होती.

तेराव्यानंतर मी नलूला सरळच विचारलं. ती आधी हसली, मग तिने डोळ्यांना पदर लावला.

"कुणी नव्हतं रे दादा. कुणी म्हणजे कुणीच. यांना त्यांची भाषा पोथीतली यायची, दुकानातली नाही. ज्यांनी बोलावलं ते गृहस्थ पहिल्याच महिन्यात आजारी पडून शहरात गेले. हे दिवसभर गावात एकटे फिरायचे आणि फोनवर रडायचे. मी म्हणायची, बस थयुं हवे, पुरे झालं आता, या परत."

"मग आले का नाहीत?"

"कसे येणार? इथल्या आपल्या मराठी मंडळाने शाल-श्रीफळ देऊन, भाषणं करून पाठवलं होतं. हार तूच घातलास. सत्कार घेऊन गेलेला माणूस महिन्यात परतला असता तर पहिला संशय कुणी घेतला असता?"

रोख माझ्याकडे होता, आणि तो बरोबर होता. तरी संशय असा एकदम जात नाही. घरी येताना मी तिचंही बोलणं उलटसुलट तपासलं. मग आठवलं... तिकडून आल्यापासून माधवराव कुणाला एकटं जेवू देत नसत. प्लंबर असो की मी, स्वतःचं जेवण झालेलं असलं तरी समोर ताट घेऊन बसत, त्यात नुसतं चिमूटभर मीठ वाढून घेत. मला वाटायचं, काहीतरी लपवायचं असलं की माणूस इतका गोड वागतो.

परवा नलूकडे जेवायला बसलो होतो. मला वाढून ती गरम पोळी आणायला आत वळली, आणि माझा घास हातातच राहिला. फार एकटं वाटलं.

"नलू, तू आधी ताट घेऊन बस," मी म्हटलं. "गार पोळी चालेल मला."