वाघमोडे मॅडमनी रद्द केलेला लेख

वाघमोडे मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका यंत्रमाग कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटत होते. फोनवर त्यांच्या विभागातला तरुण प्राध्यापक सचिन होता. "हार्ट अटॅक... सकाळी," एवढंच बोलला. मी उरलेली पत्रकं वाटली आणि मग निघाले. रडू आलं नाही. आमचं भांडण अर्धवट राहिलं होतं आणि त्याचाच राग डोक्यात होता. तो अजून गेलेला नाही.

मॅडम माढ्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. सोलापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि कॉलेजचं विज्ञान नियतकालिक चालवायच्या. प्रत्येक शोधनिबंधावर प्राचार्यांचं नाव लावायचं, ही तिथली जुनी रीत. मॅडम संपादक झाल्या आणि ती बंद केली. "काम ज्यानं केलं त्याचं नाव. सायेब चहा पाजतात म्हणून लेखक व्हत न्हाईत," असं त्या भर बैठकीत बोलल्या. तेव्हापासून तिथं त्यांच्याशी कामापुरतंच बोललं जायचं.

सचिननं यंत्रमाग कामगारांच्या फुप्फुसांवर निबंध लिहिला होता. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षं राबलेल्यांना नळीत फुंकायला लावून दम मोजायचा. कारखान्याबाहेर टपरीपाशी माणसं गोळा करायचं काम आमच्या कामगार संघटनेनं केलं. निबंध छापून आला. धूळ ओढणारे पंखे बसवा आणि आजारी कामगारांना उपचार द्या, या आमच्या मागणीवर सुनावणी चालू होती. तिथं आमच्या हातात पुरावा म्हणून हा एकच निबंध होता. माझ्या शेजारचे मल्लेशममामा त्या उपचारांची वाट बघत होते. चादरी विणता विणता त्यांची छाती गेली आहे.

अंक निघाला त्या दिवशी मामांना हौसेनं कॉलेजात नेलं. जिना चढून आले आणि कठडा धरून बसले. मॅडमनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "मामा, सचिनच्या यादीत तर तुमचा दम चांगला निघालाय की."

"मी कुटं फुंकलो, मॅडम? मी मागावर होतो. माझ्या बदली आमच्या नागेशनं फुंकलं. तालमीतलं पोरगं हाय, लई जोरात फुंकतंय." मामांच्या आवाजात कौतुक होतं. "अजून दोगातिगांचं बी त्यानंच केलं."

कारखान्यात असंच चालतं. पगार विणलेल्या मालावर, म्हणून माग सोडवत नाही. एकाचं काम अडलं की दुसरा सांभाळून घेतो. नळीत फुंकायचं कामही त्यांनी तसंच आपसात भागवलं. त्यात कुणाला फसवायचं होतं?

मॅडमनी निबंध रद्द केला. प्राचार्य म्हणाले, गाजावाजा नको, वेबसाइटवरून गुपचूप काढून टाका. मॅडम म्हणाल्या, निबंध जागेवरच राहील, वर 'रद्द' असं लिहिलेलं असेल आणि खाली कारण असेल. मालकांच्या वकिलानं तेच पान सुनावणीत फडकवलं. आमची मागणी फेटाळली गेली.

मी त्यांच्या घरी गेले आणि चपला न काढताच बोलले. "मॅडम, नागेशच्या फुंकण्यानं फायदा मालकांचा झाला. खरे आकडे याहून वाईट निघतील. मग रद्द कशाला?"

"मग खरं आण की. छापते."

"आणि तोवर मामा?"

त्या भाजी निवडत राहिल्या... "खोट्यावर न्याय मिळाला तर उद्या तोच वकील तो काढून घील, पोरी." मी म्हणाले, उद्याचं उद्या बघू, मामांना आज श्वास लागतोय. पुढच्या पत्रकात मी त्यांना मालकांच्या संपादक म्हटलं. त्यांनी ते वाचलं आणि त्यातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवलं. आजही मी म्हणते, सुनावणीपर्यंत त्यांनी थांबायला हवं होतं.

शोकसभेत प्राचार्य त्यांच्या सचोटीवर बोलले. त्यांच्या नावानं पुरस्कारही जाहीर झाला. आणि तेराव्याच्या आतच तो निबंध वेबसाइटवरून गायब झाला, 'रद्द'सकट, कारणासकट. आता जणू सोलापुरात कुणाची फुप्फुसं कुणी मोजलीच नव्हती. मॅडमशी माझं भांडण झालं, पण त्यांनी काही लपवलं नव्हतं. तुम्ही लपवलंत, प्राचार्य सर. ते पान परत लावा. पुरस्कार नंतर द्या.

जाण्याआधी मॅडमनी सचिनला एक तोड सांगून ठेवली होती. दुरुस्तीसाठी वीज बंद असते त्या दिवशी चाचणी घे. माग बंद असले की कुणाला कुणाच्या बदली थांबावं लागत नाही. परवा आम्ही तसंच केलं, मामांच्या शेडमध्ये.

नागेशनं डोळा मारला. "मामा, मी फुंकू का?"

"गप ए. ती बाई वरनं परत रद्द करंल."

मामा हसले, खोकले, मग दोन्ही हातांनी नळी धरली. इतकी वर्षं मी त्या शेडमध्ये येते, तिथं शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. परवा सगळे माग उभे होते आणि मामांचा श्वास पार दारापर्यंत ऐकू येत होता.